कॉलरच्या आतला नंबर

“एकतीस नंबरला रांगेत उभीच करू नका, टाकेबाई. तिला इंजेक्शन द्यायचं नाही.”

आजारखोलीची नवी सिस्टर कपड्यांच्या कोठीच्या दारात उभी होती. तिने छातीशी आजारखोलीची जाड वही धरली होती. टाकेबाईंनी उकळून वाळवलेल्या चादरींची थप्पी टेबलावर ठेवली आणि पुढे होऊन पाहिलं. सिस्टरच्या बोटाखाली तांबड्या शाईतली एक ओळ होती, आधीच्या म्हाताऱ्या सिस्टरच्या तिरप्या अक्षरातली. ‘एकतीस. घटसर्पावरचं सीरम दिल्यावर अंगभर गांधी, श्वास कोंडला, ओठ निळे. पुन्हा कधीही देऊ नये.’

“बरं झालं वही नीट वाचली,” नवी सिस्टर म्हणाली. तिचा चेहरा परीक्षेत अवघड गणित सुटलेल्या मुलीसारखा उजळला होता. “डॉक्टर दहाला येतायत. तुम्ही कॉलर बघून नंबर सांगायचा, मी वहीत बघणार, ते टोचणार. चौसष्ट मुली आहेत, तासाभरात उरकेल.”

टाकेबाई हो म्हणाल्या. सिस्टर गेली. तिच्या पावलांचा आवाज व्हरांड्यात विरेपर्यंत त्या टेबलाची कड धरून उभ्या राहिल्या. खाली बसलं तर पुन्हा उठता येणार नाही असं त्यांना वाटलं.

ती तांबडी ओळ बिट्टीची होती. आणि बिट्टीच्या कॉलरला आता एकतीस नंबर नव्हता.

बालिकाश्रमात प्रत्येक मुलीला नंबर असे. ऐंशी वर्षांपूर्वी चर्चच्या तीन बायकांनी, एका पाद्र्याच्या विधवेने, तिच्या नणंदेने आणि एका नर्सने, कातडी कमावायच्या कारखान्यामागे भाड्याचं घर घेऊन पाच पोरक्या मुलींवर हा आश्रम सुरू केला होता. त्या वर्षी पटकीची साथ होती. सगळ्यांचे कपडे एकाच हंड्यात उकळावे लागत, म्हणून कोणाचे कोणते ते कळायला नर्सने फितीवर नंबर टाचले. पुढे तीच पद्धत झाली. शिवाय मुलींची नावं बाप्तिस्म्याच्या वेळी देणगीदार मंडळ्या ठरवत आणि त्या मंडळ्यांना चारपाच नावांपलीकडे काही सुचत नसे. एका वेळी आश्रमात एकाच नावाच्या सहा मुली असत. मग हाका मारायला टोपणनावं पडत आणि लिहायला नंबर उरत. कपडे, खुंटी, ताट, पलंग, आजारखोलीची वही, सगळीकडे नंबर.

नंबर टाचायचं काम टाकेबाईंचं. त्या स्वतः तीन वर्षांच्या असताना इथे आल्या होत्या. सोळाव्या वर्षी इतर मुली घरकामाला किंवा नर्सिंग शिकायला बाहेर पडल्या, यांना शिवणात गती म्हणून कोठीत ठेवून घेतलं. त्याला पस्तीस वर्षं झाली. मुलींनी दिलेलं टाकेबाई हे नाव सिस्टर लोकांच्याही तोंडी बसलं होतं. कोठीला लागून त्यांची छोटी खोली होती. त्या खोलीच्या पलीकडच्या जगात त्या बाजार आणि दातांचा दवाखाना सोडून कुठे गेल्या नव्हत्या.

दीड महिन्यापूर्वी बिशपसाहेब भेटीला येणार होते. त्याआधी आश्रमाच्या प्रमुख मदरनी सगळा आश्रम फिरून पाहिला आणि जेवणघराबाहेरच्या खुंट्यांपाशी त्या थांबल्या. मुली सोडून गेल्या की त्यांचे नंबर रिकामे पडत, त्यामुळे मधल्या चौदा खुंट्या ओक्याबोक्या दिसत होत्या. मदर इथे येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. त्या म्हणाल्या, हे पडलेल्या दातांसारखं दिसतंय, नंबर सलग करून टाका, आणि नव्या नंबरांची यादी आजारखोलीत द्या.

टाकेबाईंनी चार दिवसांत सगळे कपडे उसवून पुन्हा टाचले. आठपर्यंतचे नंबर तसेच राहिले, नऊपासून सगळे सरकले. एकतीसची बिट्टी सव्वीस झाली. अडतीसची एक उंच, हडकुळी मुलगी, जिला सगळ्या लांबडी म्हणत, ती एकतीस झाली. यादी सुवाच्य अक्षरात तयार झाली. पण त्या आठवड्यात म्हाताऱ्या सिस्टरचं मौन होतं. प्रत्येक सिस्टर वर्षातून एकदा आठ दिवस मौन पाळी. तिच्याशी बोलायचं नाही, चिठ्ठी द्यायची नाही, जेवणाचं ताटसुद्धा दाराबाहेर ठेवून निघून यायचं. टाकेबाईंनी यादी टेबलाच्या खणात ठेवली, मौन सुटलं की देऊ म्हणून. मौन सुटलं त्याच दिवशी म्हातारी सिस्टर चॅपलच्या पायरीवरून पडली, तिचं खुब्याचं हाड मोडलं आणि तिला दूरच्या गावी, वृद्ध सिस्टरांच्या घरी नेलं. आश्रमात नुसती धावपळ झाली. यादी खणातच राहिली.

तीन आठवड्यांपूर्वी नवी सिस्टर आली. तिला मुलींचे चेहरे ठाऊक नव्हते, तिची सगळी भिस्त वहीवर. आल्यावर आठवडाभराने तिने एका मुलीला खोकल्याचं औषध देताना ‘तुला मागच्या वर्षी गोवर झाला होता ना?’ असं विचारलं आणि मुलगी नाही म्हणाली. तेव्हा शेजारी टॉवेल मोजत असलेल्या टाकेबाईंना लख्खकन यादी आठवली.

त्याच वेळी सांगितलं असतं तर दोन वाक्यांत काम झालं असतं. पण महिन्यापूर्वीच मदरनी धोबीणबाईंना काढलं होतं. तीन मुलींच्या डोक्यात नायटे झालेले धोबीणबाईंनी पाहिले होते आणि आपल्यावर येईल म्हणून लपवले होते. मदर ओरडल्या नव्हत्या. नायटे झाले म्हणून नाही, माहीत असून गप्प बसलात म्हणून, एवढंच म्हणाल्या. संध्याकाळच्या आत धोबीणबाईंची ट्रंक फाटकाबाहेर होती. टाकेबाईंनी तेव्हा खिडकीतून पाहिलं होतं. धोबीणबाईंना निदान भाऊ होता.

उद्या सांगू, म्हणत एक दिवस गेला. दुसऱ्या दिवशी, काल का नाही सांगितलं हे आधी सांगावं लागणार होतं. असे चौदा दिवस झाले. आणि काल सकाळी एका मुलीच्या घशात पांढरा पडदा दिसला, तिला साथीच्या इस्पितळात नेलं.

आता टाकेबाईंनी खण उघडला, यादी पाहिली आणि खण लावून टाकला. मग त्यांनी बिट्टीला शोधलं. ती सात वर्षांची, गोल चेहऱ्याची पोर हौदापाशी एका पायावर उभी राहून दुसऱ्या पायाने पाण्यात रेघा ओढत होती. तिला त्यांनी कोठीत आणलं आणि मोज्यांच्या जोड्या लावायला बसवलं.

“मला बोलावतील ना पण,” बिट्टी म्हणाली.

“मी सांगीन त्यांना. तू इथेच बस.”

“सुई नाही टोचणार मला?”

“नाही टोचणार.”

“मग मी सगळे मोजे लावते,” बिट्टी उदारपणे म्हणाली. दोन वर्षांपूर्वीची ती रात्र तिला आठवत नव्हती. टाकेबाईंना आठवत होती. घामाने भिजलेल्या चादरी त्यांनीच बदलल्या होत्या. तेव्हा म्हातारी सिस्टर त्यांना म्हणाली होती, हे औषध घोड्याच्या रक्तापासून करतात, एकदा ज्याला सोसलं नाही त्याला पुन्हा टोचलं तर पाच मिनिटं मिळत नाहीत.

जेवणघरात बाकं भिंतीला लावली होती. मुली बाह्या वर करून नंबराप्रमाणे उभ्या होत्या. बोलायची मनाई होती, पण एकमेकींना कोपराने ढोसायची नव्हती, त्यामुळे रांग सारखी हलत होती. डॉक्टर आले ते घाईतच. अजून दोन शाळा व्हायच्या आहेत, असं सांगून त्यांनी हात धुतले. मदर दाराशी खुर्ची घेऊन बसल्या. टाकेबाई रांगेच्या तोंडाशी उभ्या राहिल्या, पहिल्या मुलीची कॉलर उलटी केली आणि म्हणाल्या, “एक.”

“एक, काही नोंद नाही,” सिस्टर म्हणाली. सुई गेली. मुलीने डोळे मिटून नाक चढवलं.

पाचव्या नंबराला तांबडी ओळ होती, तिला दम्याचा त्रास होता. ती बरोबर बाजूला झाली. आठपर्यंत सगळं खरं होतं. नऊ हे टाकेबाई इतक्या हळू म्हणाल्या की सिस्टरने पुन्हा विचारलं. “नऊ,” त्या म्हणाल्या. सिस्टरने दुसऱ्याच मुलीची ओळ वाचली आणि डॉक्टरांनी या मुलीला टोचलं.

टाकेबाई मनाशी हिशेब करत होत्या. वहीत तांबड्या नोंदी तीनच. एक पाचची, ती खरी. एक पूर्वीच्या बावन्नची, ती मुलगी आता पंचेचाळीस आहे. एक बिट्टीची. मधल्या कुणाला धोका नाही. बिट्टी कोठीत आहे. पंचेचाळीसची पाळी येईल तेव्हा बघू, तिला चक्कर आली म्हणून बाहेर नेऊ. जमेल. यादी आज संध्याकाळी गुपचूप वहीत ठेवून देऊ. दहा, अकरा, बारा. एकेक कॉलर उलटताना त्यांचेच टाके त्यांच्याकडे पाहत होते, बारीक, एकसारखे, कुठेही न उसवलेले.

एकोणीसला त्यांची नजर भिंतीकडे गेली. तिथे बाकावर लांबडी बसली होती. एकतीस नंबर. सिस्टरने तिला आधीच रांगेबाहेर काढलं होतं. आपली सुई चुकली याच्या आनंदात ती पाय हलवत होती आणि रांगेतल्या मैत्रिणींना वेडावून दाखवत होती. आजारी पडलेल्या मुलीचा पलंग हिच्या शेजारी होता. दोघी एका पेल्यातून पाणी प्यायच्या, त्यावरून टाकेबाईच त्यांना कितीदा रागावल्या होत्या.

बिट्टीला लपवता येत होतं. पण लांबडीला आता औषध मिळणार नव्हतं, आणि चार दिवसांनी तिच्या घशात पडदा आला तर तिला का टोचलं नाही हे जगात फक्त एका माणसाला माहीत असणार होतं.

वीस. एकवीस. हे शब्द आपल्याच तोंडातून बाहेर पडतायत हे टाकेबाईंना दुरून ऐकल्यासारखं ऐकू येत होतं. कपाळावरून घाम ओघळून भुवईत आला. पंचवीस झाली. पुढची मुलगी पुढे आली, तिची कॉलर त्यांनी उलटी केली. सत्तावीस.

“सव्वीस कुठे आहे?” सिस्टरने विचारलं.

“कोठीत आहे,” टाकेबाई म्हणाल्या.

“का?” हा प्रश्न मदरनी विचारला, दाराकडून.

टाकेबाईंनी हातातली कॉलर सोडली. मदरनी एका मोठ्या मुलीला खूण केली आणि ती कोठीकडे पळाली. डॉक्टरांनी पुढची सुई भरून ठेवली. मग दारात बिट्टी दिसली, दोन्ही हातांत मोजे, आणि तिने आधी टाकेबाईंकडेच पाहिलं. सगळ्या जेवणघरात ती त्यांच्याच तोंडाकडे बघत होती. रडली नाही. नुसती बघत राहिली, तुम्ही तर म्हणाला होतात, अशी.

सिस्टरने तिला पुढे घेतलं, स्वतःच कॉलर पाहिली. “सव्वीस. काही नोंद नाही.”

डॉक्टरांनी तिचा दंड धरला.

“थांबा,” टाकेबाई म्हणाल्या. “तिला टोचू नका. एकतीस ती आहे.”

डॉक्टरांचा हात थांबला. सिस्टरने वहीकडे, मग कॉलरकडे पाहिलं, आणि काही न समजून हसली. मदर उठून उभ्या राहिल्या. टाकेबाईंना बसायला हवं होतं, पण बसायला जवळ काही नव्हतं. त्यांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. खुंट्या, मौन, पडलेली सिस्टर, खणातली यादी. सांगताना मधूनमधून वाक्य सुटून जात होतं. ती तांबडी ओळ बिट्टीची आहे आणि लांबडीला औषध मिळालंच पाहिजे, हे मात्र त्यांनी दोनदा सांगितलं.

डॉक्टरांनी भरलेली सुई ताटात ठेवली. ती ठेवल्याचा आवाज भिंतीपर्यंत ऐकू गेला.

“किती नंबर चुकलेत?” त्यांनी विचारलं.

“आठपर्यंत बरोबर. पुढचे सगळे.”

“म्हणजे नऊ ते पंचवीस मी आंधळेपणाने टोचलं.”

टाकेबाईंनी मान हलवली. त्या सतरा मुली ओळीने बाकावर बसवल्या गेल्या. डॉक्टर एकेकीच्या तोंडाकडे, मानेकडे, दंडाकडे बघत फिरू लागले. सिस्टरने औषधाची पेटी उघडून दुसरी एक सुई भरली, श्वास कोंडलाच तर द्यायला. त्या मुलींना धोका नाही असं टाकेबाई म्हणाल्या, तेव्हा डॉक्टर वळूनही न बघता म्हणाले, “तुम्ही आता काही म्हणू नका, बाई.”

बाकावरची एक मुलगी मान खाजवायला लागली. डॉक्टर तिच्यापुढे गुडघ्यांवर बसले, तिचा फ्रॉक मानेवरून मागे ओढून बघत राहिले. टाकेबाईंनी दोन्ही हात पदरात घट्ट गुंडाळले. देवा, ही नको, एवढंच त्यांच्या मनात येत होतं. प्रार्थनेचे पाठ असलेले शब्द एकही आठवेना. कॉलरची नवी, खळ घातलेली शिवण मुलीला टोचत होती. डॉक्टरांनी ती मऊ केली आणि उठले. घड्याळाकडे पाहून त्यांनी अजून वीस मिनिटं बसायला सांगितलं. तो वेळ कसा गेला ते टाकेबाईंना पुढे कधीच नीट सांगता आलं नाही. कुणाच्याही अंगावर काही उठलं नाही.

“पुढच्यांचं काय?” डॉक्टरांनी विचारलं. “ती यादी आणा.”

टाकेबाई कोठीकडे वळल्या. मग त्या जागीच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, लागणार नाही, लिहून घ्या. सिस्टरने पेन उघडलं. टाकेबाई रांगेतून चालत गेल्या. कॉलर न उलटता प्रत्येक मुलीच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी जुना नंबर सांगितला, आणि ज्यांना काही झालं होतं त्यांचं तेही सांगितलं. हिला तिसऱ्या वर्षी गोवर. ही दोन महिने हिवतापात. हिला दूध पचत नाही. ही पूर्वीची बावन्न, हिला टोचू नका, हिचं हृदय अशक्त आहे. लांबडीपाशी आल्यावर तिला म्हणाल्या, “तू अडतीस. बाही वर कर.” लांबडीचा चेहरा पडला, पण तिने दंड पुढे केला. डॉक्टरांनी प्रत्येक ओळ वहीशी ताडून पाहिली. एकही चुकली नाही.

सगळं आटोपायला दुपार झाली. बिट्टीबद्दल डॉक्टर मदरशी हळू आवाजात बोलले. तिला एकदा घटसर्प होऊन गेलाय, पुन्हा व्हायचा संभव कमी, पण नाहीच असं नाही. तिला हे औषध देता येणार नाही. म्हणून सात दिवस वेगळ्या खोलीत ठेवा. सकाळ, दुपार, संध्याकाळ उजेडात घसा बघा. पांढरं ठिपक्याएवढं काही दिसलं तरी मला बोलवा. बरोबर जो राहील त्याने सात दिवस दुसऱ्या मुलींत जायचं नाही.

सिस्टरला बाकीच्या मुली होत्या. मदर इकडेतिकडे बघू लागल्या.

“मी राहते,” टाकेबाई म्हणाल्या.

मदर त्यांना घेऊन व्हरांड्यात आल्या. त्या दमलेल्या दिसत होत्या. खुंट्यांसमोर त्या जरा वेळ उभ्या राहिल्या.

“हे मीच सुचवलं होतं,” त्या म्हणाल्या. “ते मी बिशपसाहेबांना लिहीन. पण तुम्हाला चौदा दिवस माहीत होतं.”

“हो, मदर.”

“रांग सुरू झाली तेव्हाही माहीत होतं.”

“हो.”

“मग पंचविसाव्या मुलीपर्यंत गप्प का राहिलात?”

“भीती वाटली,” टाकेबाई म्हणाल्या. दुसरं काही सांगण्यासारखं नव्हतं.

मदरनी हात पुढे केला. टाकेबाईंनी कमरेचा जुडगा सोडून त्यांच्या हातात दिला. कोठीची किल्ली, कपाटांच्या चार, आणि त्यांच्या स्वतःच्या खोलीची. खोलीची किल्ली काढून परत द्यावी की काय, असं मदरच्या चेहऱ्यावर क्षणभर दिसलं. मग त्या म्हणाल्या, सात दिवस होऊ देत, पुढचं तेव्हा बोलू. आणि आत निघून गेल्या.

वेगळी खोली आवाराच्या टोकाला होती. दोन पलंग, एक स्टूल, पूर्वेला खिडकी. जेवण दाराबाहेर ठेवलं जाई. पहिल्या दिवशी बिट्टी टाकेबाईंशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने मोज्यांचं काय झालं ते विचारलं. कोठीसमोरच्या दोरीवर स्वयंपाकीणबाईंची बहीण कपडे वाळत घालत होती, ते खिडकीतून दिसे. ती फ्रॉक खांद्यांना चिमटे लावून टांगायची. त्याने खांदे ओघळतात. टाकेबाई बघत आणि खिडकीपासून बाजूला होत. इस्पितळातल्या मुलीची तब्येत खालावतेय, एवढं जेवण ठेवणाऱ्या बाईंकडून कळलं.

चौथ्या दिवशी बिट्टी उठली ती आवंढा गिळताना तोंड वाकडं करत.

“दुखतंय?”

“थोडं.”

टाकेबाईंनी तिच्या कपाळाला हात लावला. गरम आहे की आपलाच हात गार पडलाय, ते त्यांना कळेना. त्यांनी तिला उचलून खिडकीपाशी स्टुलावर उभं केलं, चमचा उकळत्या पाण्यातून काढून निवू दिला आणि तिची हनुवटी उजेडाकडे वळवली.

“टाकेबाई, इथून बाहेर गेल्यावर तुम्ही कुठे जाणार?”

“आधी आ कर.”

“धोबीणबाई गेल्या तिकडे?”

“मोठा आ कर,” टाकेबाई म्हणाल्या. त्यांनी जीभ चमच्याने दाबली आणि आतला अंधार नीट दिसेपर्यंत खाली वाकल्या.